लेबल बदलले, चकती तीच

‘ग्राहक राजा आहे’ असे भांडवली अर्थशास्त्र सांगते. आपल्या बर्गरमध्ये काय आहे, हे मात्र या राजाला कळू दिले जात नाही. अमेरिकी नियमांनुसार ‘प्रोसेस चीज फूड’ म्हणवणाऱ्या पदार्थात किमान 51 टक्के चीज असावे लागते. उरलेली जागा दूध, ताक, निवळी, पाणी यांनी भरावी, कायद्याची हरकत नाही! एवढी सवलतही मक्तेदारांना अपुरी पडली. मुख्यतः परदेशांतून, कोट्याच्या बंधनाशिवाय येणारी दुग्धप्रथिनांची भुकटी क्राफ्ट कंपनीने आपल्या चकत्यांत मिसळली. आणि हे कधी, तर तेथील लहान दूध उत्पादक दराअभावी मोडत असताना. डिसेंबर 2002 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने आक्षेप घेतला, कारण त्या नावाखाली ही भुकटी मान्य नव्हती. कंपनीने भुकटी काढली नाही, नाव काढले. चकती आता ‘प्रिपेअर्ड चीज प्रॉडक्ट’ झाली. या नावासाठी कायद्यात कोणतेच प्रमाण ठरलेले नाही. म्हणजे मोडण्यासाठी नियमच उरला नाही. शिवाय वेष्टनावरची ही बारीक अक्षरे उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातच कचऱ्यात जातात. पाळी संपवून आलेल्या कामगाराच्या हाती पडतो तो कागदात गुंडाळलेला बर्गर, आणि भिंतीवरील फलकावर ठळक एकच शब्द: चीज.