पापणीवर डाळिंबी!

‘काय गं, हळदीला निघालीस की काय?’

सटाण्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्या माझ्या मावसबहिणीला नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मिळालेली ही कॉम्प्लिमेंट. त्या दिवशी तिने पहिल्यांदा आयशॅडो लावली होती. सगळे हसले. तीही हसली. मग बाथरूममध्ये जाऊन ओल्या रुमालाने डोळे लाल होईस्तोवर पुसून आली. रात्री फोनवर म्हणाली, ‘ताई, जाऊ दे. आपल्याकडे काजळच बरं.’

खरं सांगू? ‘हो, काजळच बरं,’ असं माझ्याही ओठांवर आलं होतं. माझं स्वतःचं पॅलेट बघा ना. बदामी, कॉफी, चॉकलेटी. मीटिंगमध्ये लोकांनी सीरियसली घ्यावं म्हणून बाकीचे रंग मी कधीच रिटायर केलेत. तिला निदान कुणी टोमणा तरी मारला होता. मी तर कुणी न बोलताच घाबरले होते!

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात देवमामलेदारांची यात्रा सुरू होते. दुष्काळात सरकारी खजिना गोरगरिबांना वाटणाऱ्या यशवंतराव महाराजांची ही यात्रा. तिच्यासाठी गेले, तेव्हा ठरवलं, या रंगाचा सोक्षमोक्ष लावायचाच.

आधी तिचा डबा पाहिला. यात्रेतल्या स्टॉलवरून घेतलेला, २४ रंगांचा, चकाचक! पण त्यावर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी डेट. डबा बाद. पापणीची त्वचा फार पातळ असते, मैत्रिणींनो. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार रंगासाठी शिसं आणि आर्सेनिक वापरायला बंदी आहे, पण बिननावाच्या डब्यात काय आहे ते कोण सांगणार? आणि ‘नॅचरल’ म्हणून कुंकू किंवा गुलाल तर पापणीवर मुळीच नको.

आता रंग कुठला? मावशी ओसरीवर डाळिंब सोलत बसली होती. तिला विचारलं, तर तिने लुगड्यांचे रंगच मोजायला सुरुवात केली. डाळिंबी, अंजिरी, अमसुली, मोरपंखी... आणि मला एकदम क्लिक झालं. हे सगळे रंग गडद आणि जरा दबलेले आहेत, म्हणूनच गव्हाळ आणि सावळ्या रंगावर खुलतात. उलट फिक्या गुलाबी, फिक्या निळ्या पेस्टल शेड्समध्ये पांढरा जास्त असतो. त्या आपल्या त्वचेवर राख फासल्यासारख्या दिसू शकतात. बहिणीने नेमका फिका निळाच लावला होता, तोही थेट भुवईपर्यंत!

सगळा फंडा इथेच आहे. रंग कमी करायचा नाही, रंगाची जागा कमी करायची.

पापणीवर अगदी थोडा कन्सीलर बोटाने थोपटून लावा. त्यावर त्वचेच्याच शेडची मॅट पावडर फिरवा, म्हणजे दुपारच्या घामात रंग घडीत गोळा होणार नाही. बारीक ब्रशवर डाळिंबी घ्या, जादाची पावडर झटकून टाका. आता जिथे आयलायनर लावतो तिथेच, बाहेरच्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, दोन-तीन मिलिमीटरची पट्टी. मग कोरड्या, स्वच्छ ब्रशने तिची वरची कड पुसट करा. लालसर रंगाने डोळे कधी कधी दुखरे दिसतात, म्हणून केसांच्या मुळाशी काजळाची एक बारीक रेघ हवीच. मस्काराचा एक कोट, झालं! चमकी लग्नासाठी ठेवा. मोरपंखी आवडत असेल तर तो खालच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात नुसता टेकवा.

आरसा मात्र खिडकीपाशी न्या. ट्यूबलाइटखाली रंगाचा अंदाज चुकतो. सरळ बघताना रंगाची हलकी रेघ दिसायला हवी आणि डोळा मिटला की पूर्ण रंग. रात्री कापसावर खोबरेल तेल घेऊन हलक्या हाताने काढा, मग चेहरा धुवा. आणि ब्रश बहिणीचा असला तरी शेअर करायचा नाही!

सोमवारी ती डाळिंबी लावून गेली. मला तिच्यापेक्षा जास्त टेन्शन! दुपारी मेसेज आला. शेजारच्या टेबलवरच्या त्याच मॅडम म्हणाल्या होत्या, ‘आज फ्रेश दिसतेस, झोप छान झाली वाटतं.’ गुरुवारी त्यांनी हळूच विचारलं, ‘कुठला रंग गं तो? पंचेचाळिशीत चालेल का?’

आणि मी? परत आल्यावर एडिटरसोबतच्या मीटिंगला मोरपंखी लावून गेले. डोळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चर्चा झाली ती माझ्या स्टोरीची. तीन प्रश्न आले, दोन बदल सुचवले आणि स्टोरी पास झाली.

बदामी शेड अजून पर्समध्येच आहे. पण आता ती मला आवडते म्हणून.