कॅमेरा, संसार आणि पाळणा

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नारायण मंडपातून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्यांनी स्वतः संसार मांडला नाही, त्याच समर्थांनी दासबोधात गृहस्थाला आधी आपला प्रपंच व्यवस्थित करण्याचा उपदेश केला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानी राहते. प्रपंच व्यवस्थित करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्या रूपात येतो. आजच्या पिढीपुढे तो ज्या अनेक रूपांत आला आहे, त्यांपैकी एक रूप त्याच लग्नमंडपात पाहावयास मिळते.

मंडपात कॅमेरा घेऊन उभी राहिलेली तरुणी ही आता महाराष्ट्रात अपूर्वाई राहिलेली नाही. मोठ्या शहरांत ती रुळली आहे. घनसावंगी, अंबड, परतूर यांसारख्या तालुक्यांच्या गावीही मुली शिकत आहेत आणि हाताशी आलेल्या साधनांतून रोजगार शोधत आहेत. छायाचित्रण हा त्यांच्या आवाक्यातील व्यवसाय आहे. त्याला मोठी जागा लागत नाही, प्रचंड भांडवल लागत नाही आणि पदवीपेक्षा हाताचे कसब व नजर यांना तेथे अधिक मोल आहे. प्रश्न उभा राहतो तो पुढे. या मुलीचे स्वतःचे लग्न होते, वर्ष-दोन वर्षांत घरी पाळणा हलतो, आणि कॅमेरा कपाटात जातो. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही, कारण असे घडणे हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. दोष द्यावयाचाच झाला, तर तो या गृहीत धरण्याला द्यावा लागेल.

स्त्रीने छायाचित्रण करणे आपल्या समाजाला परके आहे, असा एक समज आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. जालन्याचा हा सारा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या राजधानीत प्रख्यात छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि त्याचे काम केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे सोपविले. पडद्यातील स्त्रिया परपुरुषासमोर बसणार नाहीत, तेव्हा कॅमेऱ्यामागे स्त्रीच हवी, हा त्यामागील साधा व्यवहार होता. म्हणजे मर्यादेचे भान राखणाऱ्या समाजालाच स्त्री छायाचित्रकाराची गरज प्रथम भासली. आजही डोहाळजेवण, बारसे, हळद, मेंदी हे सोहळे प्रामुख्याने बायकांचेच असतात. तेथे परका पुरुष कॅमेरा घेऊन वावरू लागला, की वातावरणातील मोकळेपणा जातो. तेथे एखादी ताई किंवा वहिनी छायाचित्रे घेत असेल, तर कोणी अंग चोरीत नाही. समाजाला तिची गरज आहे. तिने ती गरज भागवावी अशी सोय मात्र समाजाने तिच्या घरात केलेली नाही.

महाराष्ट्राच्या मातीतील याहून बोलके उदाहरण सरस्वतीबाई फाळके यांचे आहे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. पुढे त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याचा ध्यास घेतला, तेव्हा भांडवलासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दादरच्या घरी काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनीच केला. दिवसभराच्या या रगाड्यानंतर रात्री कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे ही कामेही त्यांनी शिकून घेतली आणि निगुतीने केली. त्यांचा मुलगा भालचंद्र याने त्याच चित्रपटात रोहिदासाची भूमिका केली. कन्या मंदाकिनी पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि भारतीय चित्रपटाचा आरंभ झाला. एकाच छपराखाली चूल, पाळणा आणि अंधाऱ्या खोलीतील रसायने या तिन्ही गोष्टी नांदल्या. असे नांदणे अशक्य नसते, याचा हा पुरावा आहे. परंतु त्या सगळ्याचा भार एकाच बाईने वाहिला आणि श्रेयाची पाटी दुसऱ्याच्याच नावाने लागली, याचाही तो पुरावा आहे.

होमाई व्यारावाला यांची कथा याच्याच पुढची आहे. १९१३ मध्ये नवसारी येथे जन्मलेल्या होमाईंचे शिक्षण मुंबईत, सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि जे. जे. कला महाविद्यालयात झाले. मानेकशा व्यारावाला यांनी त्यांना छायाचित्रणाची दीक्षा दिली आणि पुढे त्यांच्याशीच होमाईंचा विवाह झाला. प्रारंभी त्यांची छायाचित्रे मानेकशांच्या नावाने छापली जात, कारण एका अपरिचित तरुणीचे नाव संपादकांच्या पचनी पडण्याजोगे नव्हते. १९४२ मध्ये हे दांपत्य दिल्लीस गेले आणि मुलगा फारूक याचा जन्मही त्याच वर्षीचा. साडी नेसून, अवजड कॅमेरा सांभाळीत या माउलीने फाळणीचा निर्णय झालेली बैठक, स्वातंत्र्याचा उषःकाल, माउंटबॅटन यांचे प्रयाण, गांधीजींची अंत्ययात्रा असे इतिहासाचे क्षण टिपले. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. पतीच्या निधनानंतर, १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. देशाने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०११ मध्ये. जानेवारी २०१२ मध्ये वडोदरा येथे त्यांचे निधन झाले. होमाईंचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचे होतेच. पण जिला कॅमेरा हाती धरावयास पतीने शिकविले आणि मूल झाल्यावर तो खाली ठेवावयास त्याच पतीने सांगितले नाही, अशा घरात ते फुलले, हेही तितकेच खरे आहे.

मग घनसावंगीसारख्या गावी गाडे अडते कोठे? कसबावर ते अडत नाही. अडचण या व्यवसायाच्या घडणीत आणि आपल्या विवाहाच्या रीतीत आहे.

पहिली अडचण नावाची. छायाचित्रकाराची खरी कमाई म्हणजे पंचक्रोशीतील नाव. एका लग्नातील काम पाहून दुसऱ्या लग्नाचे काम मिळते. बापाने स्टुडिओ टाकला, की मुलगा त्याच गल्लीत, त्याच पाटीखाली तो चालवितो. मुलीचे तसे नसते. तीर्थपुरीत किंवा कुंभार पिंपळगावात चार वर्षे खपून तिने नाव मिळविले आणि लग्न होऊन ती गोदावरीपलीकडे गेली, की ते नाव माहेरीच राहते. कॅमेरा पेटीत घालून नेता येतो, गिऱ्हाईक नेता येत नाही. सासरी तिला पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. आणि नव्या गावात तिची पहिली ओळख ‘अमक्यांची सून’ अशीच असते.

दुसरी अडचण वेळेची. तुळशीचे लग्न लागले, की मुहूर्तांना प्रारंभ होतो आणि चातुर्मास लागेपर्यंत कामाची झुंबड असते. गोरज मुहूर्ताचे लग्न संध्याकाळी लागते, वरात रात्री निघते. ज्या दिवशी गावात लग्नाची दाट तीथ असते, त्याच दिवशी तिच्या स्वतःच्या नात्यातही लग्न असते. तेथे सून म्हणून मिरवावयाचे, की दुसऱ्या मंडपात छायाचित्रे काढावयाची, हा पेच तिच्यासमोर उभा राहतो. पुरुष छायाचित्रकार नात्यातील लग्न चुकवितो, तेव्हा ‘त्याचे सीझन आहे’ म्हणून सगळे समजून घेतात. सुनेसाठी हे वाक्य अजून कोणी उच्चारावयास शिकलेले नाही.

तिसरी अडचण न दिसणाऱ्या कामाची. मंडपातील काम लोकांना दिसते. परंतु शेकडो छायाचित्रांतून निवड करणे, संगणकावर रंग सुधारणे, अल्बमची पाने जुळविणे, चित्रफितीचे संकलन करणे हे त्यापुढचे काम दिवसचे दिवस चालते. ते घरात बसून होते, म्हणून ते काम नव्हेच, असे घरातल्यांना वाटते. ‘घरीच तर आहेस’ या तीन शब्दांनी तिचा दिवस कोणीही मोडावा. मूल रडले, पाहुणा आला, गॅस संपला, की संगणकापुढून उठावयाचे ते तिनेच. मग काम रात्री बारानंतर सुरू होते. सरस्वतीबाईंची रात्र शंभर वर्षांनंतरही संपलेली नाही.

कायद्याकडे पाहावे, तर तेथेही आधार तोकडाच आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत याच तरतुदी आल्या. परंतु जिला मालकच नाही, जी स्वतःच आपली मालकीण आहे, तिला रजा देणार कोण आणि पगार देणार कोण? पंतप्रधान मातृवंदना योजनेतून अटींत बसणाऱ्या मातेस पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. ते तिच्या पोषणासाठी उपयुक्त आहेत, बुडालेल्या हंगामाची भरपाई त्याने होत नाही. मुद्रा योजनेतून कॅमेऱ्यासाठी कर्ज मिळू शकते. पण बाळंतपण आहे म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीची प्रसूती रजा ही शेवटी तिच्या कुटुंबानेच द्यावयाची असते. दुसरा कोणी ती देणारा नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. तान्ह्या मुलाला आई हवी, तिची जागा कोणी घेऊ शकत नाही, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. अंगावर पिणारे मूल सोडून मध्यरात्रीच्या वरातीत उभे राहा, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. मातृत्व हा व्यवसायाच्या वाटेतील अडथळा मानण्याची दृष्टी आपली नव्हे. पण मुलाला आई हवी ही एक गोष्ट आणि मुलासाठी आईने आपले कसब कायमचे मोडीत काढावे ही दुसरी. पहिलीतून दुसरी निष्पन्न होत नाही. अंगावरचे दूध वर्ष-दोन वर्षांत सुटते, व्यवसाय सुटला तर तो बहुधा पुन्हा हाती लागत नाही. म्हणून थांबणे आणि सोडणे यांतील भेद घराने जपला पाहिजे.

तो जपण्याच्या वाटाही आहेत. बाळंतपणाच्या हंगामात मंडपातील कामे दुसऱ्याकडे सोपवून संकलनाचे व अल्बमचे काम घरी स्वीकारता येते. बारसे, जावळ, वाढदिवस ही दिवसाउजेडीची, जवळपासची कामे प्रथम हाती घेता येतात. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून भागीदारीत व्यवसाय केला, तर एकीच्या बाळंतपणात दुसरी पाटी चालू ठेवू शकते आणि रात्रीच्या प्रवासातही सोबत होते. बचत गटांनी पापड-लोणच्यांच्या पलीकडे जाऊन अशा भागीदारीस हात दिला, तर ते मोठे काम होईल.

परंतु या सर्वांचा पाया विवाह ठरविताना घातला गेला पाहिजे. बैठकीत मानपानाची, आहेराची, जेवणावळीची बोलणी तासन् तास चालतात. मुलीच्या व्यवसायाचा विषय निघाला, तर ‘आमची काही हरकत नाही’ या एका वाक्यात तो मिटविला जातो. हरकत नसणे म्हणजे पाठबळ असणे नव्हे. हंगामात संध्याकाळी मूल कोण पाहील, मिळकत कोणाच्या खात्यावर जमा होईल, कामाची खोली कोणती, हे तेव्हाच स्पष्ट बोलले जावे. तिचा कॅमेरा हे तिचे स्त्रीधन आहे, असे दोन्ही घरांनी मानावे. दागिना मोडून पुरुषाचा व्यवसाय उभा राहिल्याची उदाहरणे आपण कौतुकाने सांगतो. सुनेचा कॅमेरा मोडू नये, एवढी काळजी घेणे त्याहून अवघड नाही. आणि गावातील पाटीवर तिचे नाव असावे.

सामाजिक कार्यास वाहून घेतलेल्या कुटुंबांवर तर या बाबतीत अधिक जबाबदारी येते. कार्यकर्ता महिनामहिना प्रवासात असतो, अवेळी घरी येतो, सणावारी घरी नसतो, आणि तरी त्याचे घर मोडत नाही. त्याचे कारण त्याच्या पाठीशी उभी असलेली आई, पत्नी, वहिनी हे आहे, आणि अशा घरांना ते पक्के ठाऊक आहे. कुटुंब एकत्र उभे राहिले, तर एका माणसाची अनियमित दिनचर्याही पेलता येते, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. तोच अनुभव सुनेच्या कामी लावावयाचा आहे. घरातील कर्ता पुरुष हंगामाच्या चार संध्याकाळी नातवंडाला खेळवील, जेवण वाढून घेईल, सुनेला मंडपापर्यंत सोडून परत आणील, तर त्याच्या प्रतिष्ठेला कोणताही उणेपणा येत नाही.

व्यवसाय, विवाह आणि मातृत्व यांचा समतोल साधण्याला ‘तारेवरची कसरत’ म्हणण्याची रूढी पडली आहे. ही उपमाच घातक आहे. तारेवर एकटी चालते ती, बाकीचे खाली बसून टाळ्या वाजवितात आणि ती पडली तर हळहळतात. संसार ही तार नव्हे. भारतीय कुटुंबाचे वैशिष्ट्य आपण अभिमानाने सांगतो ते असे, की तेथे ओझे एकाच्या खांद्यावर राहत नाही. म्हाताऱ्याचे आजारपण, मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न हे सारे घर मिळून उचलते. त्या यादीत सुनेच्या हातचे काम आले, तर कुटुंबव्यवस्थेविषयीच्या आपल्या अभिमानाला अर्थ राहील. ते आले नाही, तर गुणी मुलींचे कॅमेरे कपाटात जात राहतील, आणि कुटुंबच आपल्या प्रगतीच्या आड येते असे पुढच्या पिढीतील मुली म्हणू लागल्या, तर त्यांना खोडून काढणे अवघड जाईल.