गाडीचा दोष शोधणाऱ्याची मजुरी कोणी द्यायची?

कापडाच्या धंद्यातल्या माणसाने मोटारीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मलकापूरसारख्या गावात दुकानदाराची जुनी गाडी ही शौकाची चीज नसते. तीच त्याचा हमाल आणि तीच त्याचे फिरते दुकान. आमची मारुती ओम्नी 1998 ची आहे. बाजाराच्या दिवशी नांदुरा, मोताळ्याला आणि माल आणायला बऱ्हाणपूरला आम्ही तिच्यातूनच जातो. तिने जे शिकवले ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

मागच्या उन्हाळ्यात गाडी उभी असताना थरथरू लागली. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखालीच असल्याने ती थरथर थेट पाठीच्या मणक्यात जाते. रस्त्यावर वेग घेतला की गाडी ठीक, फाटकाजवळ थांबली की कापऱ्या अंगाची, आणि कधी बंदही पडायची. बाहेरगावच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉईल नवी घातली, कार्बोरेटर खोलून किट टाकली. बिल 6,400 रुपये झाले. गाडी दोन दिवस बरी चालली आणि पुन्हा तीच हालत. दोन दिवस बरी का चालली ते पुढे कळले. त्यांनी आयडलचा स्क्रू पिळून इंजिनचे फेरे वाढवून ठेवले होते. मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्यांवर चालायचे ते इंजिन तेराशेवर धावत होते. थरथर दबली, दोष तिथेच राहिला आणि पेट्रोल मात्र जास्त जळू लागले.

मग आम्ही आमच्या गावातल्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. वय सत्तरीच्या घरात, नजर थोडी कमजोर. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारले, "शेठ, थंडी असताना जास्त थरथरते की गरम झाल्यावर? लाईट लावल्यावर फरक पडतो का? पळताना झटके देते का?" आम्ही सांगितले, पळताना काही नाही, उभी असतानाच त्रास. ते म्हणाले, "मग स्पार्कवर माझा शक कमी आहे. स्पार्कचा दोष ओझ्याखाली जास्त दिसतो."

आमच्या गाडीला गॅसची किटही बसवलेली आहे. उस्तादांनी गाडी आधी पेट्रोलवर चालवली, मग गॅसवर. दोन्हींवर थरथर सारखीच. आम्ही दहा वर्षे ही गाडी दोन इंधनांवर चालवतो, पण ही तपासणी आम्हाला कधी सुचली नव्हती. पेट्रोलवर त्रास आणि गॅसवर नाही, तर दोष पेट्रोलच्या वाटेवर, म्हणजे कार्बोरेटर, जेट किंवा पंप. दोन्हींवर त्रास, तर दोष दोघांच्या सामायिक जागी. स्पार्क, कॉम्प्रेशन, टायमिंग, नाहीतर बाहेरून शिरणारी हवा. म्हणजे आमचा कार्बोरेटर विनाकारण खोलला गेला होता.

नंतर त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून, तिचे टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवून पाहिले. हे नवख्याने करू नये, झटका जोराचा बसतो. इंजेक्शनच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर अशी वायर काढूच नये, न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो. तिथे इंजेक्टरचा प्लग काढून तपासतात. हिशेब साधा आहे. तीन सिलिंडरपैकी एकाची वायर काढल्यावर इंजिन जास्त लडखडले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच कामचोर. मग त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहायचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर वायर, डेल्कोची टोपी, आणि शेवटी कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह.

आमच्या गाडीत तिन्ही सिलिंडर सारखेच बोलले. म्हणजे रोग एकाचा नव्हता, सगळ्या घराचा होता. उस्तादांनी मग मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून पकडीने दाबल्या. तिसरी नळी दाबताच इंजिन असे शांत झाले की आम्ही बंद पडले समजलो. नळी खालच्या बाजूने तडकली होती आणि तिथून इंजिन फुकटची हवा घेत होते. उभ्या गाडीत इंजिन हवाच थोडी ओढते, म्हणून त्यात ही चोरटी हवा मोठा हिस्सा होते. वेग घेतला की इतकी हवा आत जाते की तिची गिनती राहत नाही. पळताना गाडी ठीक का होती त्याचा उलगडा हा असा.

नळी साठ रुपयांची. काम वीस मिनिटांचे. पैसे विचारले तर उस्ताद म्हणाले, "नळीचे द्या आणि वर चाळीस द्या." म्हणजे चुकीच्या इलाजाचे 6,400 आणि बरोबर निदानाचे चाळीस.

आम्ही यात गॅरेजवाल्यालाच दोष देत बसणार नाही. दोष आम्हा गिऱ्हाइकांचाही आहे. आम्ही सुट्या भागाची किंमत निमूट देतो आणि मजुरीवर घासाघीस करतो. "नुसते पाहायचे कसले पैसे?" हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा बोललो असू. मग मिस्त्रीने कमवायचे कुठून? त्याची कमाई भाग बदलण्यात असेल तर तो भागच बदलणार. आमच्या धंद्यात रफूगराला आम्ही धाग्याचे पैसे देत नाही, हुनराचे देतो. थानात दर काही इंचांवर सारखा दोष येत असेल तर तो मागाचा, कुठेही येत असेल तर सुताचा, हे ओळखणाऱ्या माणसाला कापडाच्या पेढीवर मान असतो. गाडीच्या उस्तादालाच तो का नसावा?

म्हणून आमचे मत असे की मिस्त्री बांधवांनी तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि ती पाटीवर लिहावी. काही जण म्हणतात, काम तिथेच केले तर ती रक्कम बिलातून वजा करावी. आम्हाला ते पटत नाही. वजा केली की ती पुन्हा सुट्या भागांच्या किमतीत जाऊन लपते. गरीब रिक्षावाल्याला सवलत द्यावी, पण उघड सांगून द्यावी.

उस्तादांनीही थोडे बदलायला हवे. कानाचा तजुर्बा मोठा आहे, पण व्हॅक्यूम गेज हे छोटे यंत्रही दुकानात असावे. धडधाकट इंजिन उभे असताना काटा साधारण 17 ते 21 इंचांवर स्थिर राहतो. तो स्थिर पण खाली असेल तर हवा शिरते किंवा टायमिंग मागे आहे. ठराविक तालात झटका खात असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह. शागिर्दाला कान मिळायला वीस वर्षे लागतात, काटा वाचायला एक आठवडा पुरतो. आजची मुले स्कॅनरवर भिस्त ठेवतात, पण आपल्याकडे गाडीत ती सोय 2010 पासून सक्तीची होऊ लागली. आमच्या ओम्नीला स्कॅनर लावायला जागाच नाही.

गिऱ्हाइकाच्या हातातही एक कागद असतो, तो कोणी वाचत नाही. पीयूसीची चिठ्ठी. ती तपासणी उभ्या गाडीवरच होते. 2000 पूर्वीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साईड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. तो आकडा चढा असेल तर इंजिन पेट्रोल जास्त पिते. तो कमी आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढा असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते, म्हणजे मिसिंग आहे किंवा हवा जास्त होते. अर्थात नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तर.

हे सगळे आजच लिहिण्याचे कारण पेट्रोल आहे. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि 2025 पर्यंत ते बहुतेक ठिकाणी पोचले. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. इंजेक्शनची गाडी आपला हिशेब काही प्रमाणात सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. त्याला तीच हवा जास्त पडते आणि जुने रबरही लवकर बिघडते. त्यात आपल्या वऱ्हाडाचा उन्हाळा. अशा तक्रारी पुढे वाढतीलच. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची फी मोटारीला 600 होती, ती 2022 मध्ये 5,000 झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 मध्ये 10,000. इतके भरून गाडी ठेवायची तर चुकीच्या इलाजाला पैसे उरत नाहीत.

आम्ही उस्तादांना त्या दिवशी दोनशे रुपये दिले. त्यांनी दोनदा परत केले, तिसऱ्यांदा ठेवून घेतले. पाटीचे मात्र अजून जमलेले नाही. रंगाऱ्याचा खर्च आम्ही देतो म्हटले, तर ते म्हणाले, "शेठ, पाटी लावली तर पहिल्या दिवशी लोक हसतील." आम्ही म्हटले, पहिल्या दिवशी आम्ही येऊन बसू.