ऐकणारा वाचक आणि देवनागरीचे पान

अंध वाचकाच्या संगणकीय वाचनाची चर्चा बहुधा यंत्रापाशी सुरू होते आणि यंत्रापाशीच संपते. वास्तविक यंत्राने आपले काम पुष्कळसे केलेले आहे. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये आरंभिलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, आणि त्याच्यासमवेत येणारा ‘ईस्पीक’चा आवाज मराठीही वाचतो. (तो आवाज कानाला गोड लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) अडते ते भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांनीच सिद्ध करून प्रसृत केलेल्या पानांवर.

स्क्रीन रीडर पान ‘पाहत’ नाही. ब्राउझर पानातील मजकूर, मथळे, दुवे यांचा एक अंतर्गत आराखडा तयार करतो; स्क्रीन रीडर तो आराखडा बोलून दाखवितो. जुन्या ग्रंथाच्या पानाचे केवळ छायाचित्र चढविलेले असेल, तर त्या आराखड्यात अक्षरेच नसतात. जुन्या फाँटात जुळविलेल्या लेखाची गत तर अधिक विचित्र होय: डोळ्यांना देवनागरी दिसते, पण तिच्याखाली रोमन अक्षरांचे संकेत असतात, आणि कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ पडते. देवनागरीला यूनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान असताना विद्वत्तापूर्ण नियतकालिकांनी आजही असे लेख प्रसिद्ध करावेत, याचे समर्थन करता येणार नाही.

छायाचित्रावरून यंत्राने अक्षरे ओळखावीत, हा त्यावरील नेहमीचा तोडगा. तो उपयुक्त आहे. परंतु संहितेच्या अभ्यासकाला पुरेसा नाही. जीर्ण छपाईतील जोडाक्षर यंत्राने चुकीचे वाचले, तर डोळस अभ्यासक मूळ पानाकडे पाहून ते सुधारतो. अंध अभ्यासकाला ती सोय नाही. कानावर आलेले चमत्कारिक रूप हा खरा पाठभेद, मुद्रकाचा प्रमाद, की यंत्राचा अपपाठ, हे त्याने कशावरून ठरवावे? पाठचिकित्सा ज्या विद्येचा पाया आहे, तिच्यातून तो अशा रीतीने पायरीवरच परतविला जातो.

दुसरी अडचण भाषेच्या नामनिर्देशाची. देवनागरी ही मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत अशा अनेक भाषांची लिपी. केवळ लिपीवरून यंत्राला भाषा कळत नाही. पानाची भाषा आणि त्यातील परभाषी उताऱ्यांची भाषा संकेताने नोंदवावी, असे वेबविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २००८ च्या आवृत्तीत सांगितले आहे. ही नोंद नसली, की वाचकाने मुळात निवडलेला आवाजच पुढे चालू राहतो. तो हिंदी असेल तर ‘ज्ञानेश्वरी’ची ‘ग्यानेश्वरी’ होते आणि मराठी ‘च’-‘ज’ यांचे दंततालव्य उच्चार लोपतात. तौलनिक साहित्याच्या लेखात, जेथे एका परिच्छेदात तीन भाषा नांदतात, तेथे होणारा गोंधळ सांगावयास नको.

वृत्ताच्या बाबतीत मात्र ही नोंदही पुरी पडत नाही. ‘कमल’ हा शब्द मराठी गद्यात ‘कमल्’ असा ऐकू येतो; अक्षरगणवृत्तात तो तीन लघूंचा असतो. यंत्र अंत्य अकार गाळते आणि गण मोडतो. लघुगुरूंची चिन्हे बहुधा वगळली जातात किंवा भलत्याच नावाने उच्चारली जातात. संपादकाने वृत्ताचे नाव व गण शब्दांत दिले, तर निदान अभ्यास अडणार नाही.

कायद्याची उणीव आता फारशी नाही. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने सुगम प्रती करण्याची मुभा दिली; २०१३ चा माराकेश करार भारताने २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थित केला; डिजिटल सेवांची सुगमता हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटले. पण मुभा म्हणजे प्रत नव्हे. ती प्रत पुढे कोणी स्वयंसेवक टंकलिखित करीत बसतो, आणि तोवर शोधछात्राची मुदत सरत असते. वस्तुतः आजचा बहुतेक प्रत्येक लेख व प्रबंध प्रथम संगणकावरच लिहिला जातो. छापील प्रतीचे छायाचित्र ग्रंथालयाकडे देताना मूळ यूनिकोड संहिताही, मथळ्यांच्या व भाषांच्या नोंदींसह, सोबत मागून घेणे विद्यापीठांना आजच शक्य आहे.