मैदान कोणासाठी?

गुरुग्रामच्या सेक्टर ३८ मधील ताऊ देवीलाल क्रीडांगणाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की चर्चा निधीपाशी येऊन थांबते. वास्तविक प्रश्न वापराचा आहे. राज्यसूचीतील ३३ व्या नोंदीनुसार क्रीडा हा राज्यांचा विषय. त्यामुळे या मैदानाचे उत्तरदायित्व हरियाणाचेच. (याच नावाचे दुसरे क्रीडासंकुल पंचकुल्यात आहे. नामकरणात चंडीगडने कधी काटकसर केली नाही.)

स्पर्धेच्या तारखेवर बेतलेल्या नूतनीकरणाचे काय होते, हे शेजारच्या राजधानीत दिसते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधलेल्या जवाहरलाल नेहरू क्रीडांगणाचा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांपूर्वी कायापालट झाला. अवघ्या पंधरा वर्षांत, २०२५ मध्ये, ते पाडून क्रीडानगरी उभारण्याची योजना पुढे आली. पुण्याच्या बालेवाडीतील संकुलही १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या निमित्ताने पुन्हा सजले.

गुरुग्रामवर अशा तारखेचा दबाव नाही, ही इष्टापत्तीच म्हणावी लागेल. प्रेक्षकसज्जांपेक्षा धावमार्ग, सरावाच्या वेळा आणि भाड्याच्या खोलीत वाढणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना परवडेल असे शुल्क, हे निविदा निघण्याआधीच ठरवता येईल. निविदेनंतर ते ठरवण्याचा अधिकार बहुधा कंत्राटदाराकडे जातो.