पाहुण्याचाही एक धर्म असतो

अतिथीला देव मानावे, ही शिकवण आपणा सर्वांना लहानपणापासून मिळालेली असते. दारी पाहुणा आला की त्याला पाणी द्यावे, बसावयास द्यावे, घरात असेल त्यातले चांगले ते त्याच्या पानात वाढावे. यजमानाचा हा धर्म सर्वांना पाठ आहे. परंतु पाहुण्यालाही काही धर्म असतो की नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्याच्या अखेरीस, आम्ही घरची मंडळी खानापूर तालुक्यातील डोंगरातल्या एका घरी दोन रात्री राहून आलो. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे.

हल्ली 'निवास-न्याहारी' ही सोय अनेक ठिकाणी झाली आहे. गावातील एखादे कुटुंब आपल्या घरातील एक-दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने देते आणि सकाळी घरचीच न्याहारी वाढते. आम्ही उतरलो ते घर जांबोटीच्या पलीकडे, रानाला लागून होते. कौलारू छप्पर, सारवलेले अंगण, मागे फणसाची झाडे. न्याहारीला तांदळाची भाकरी, खोबऱ्याची चटणी आणि गुळाचा चहा. या मुलखाचे भाग्य असे, की येथला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते, तर याच डोंगरांतून निघणारी म्हादई पश्चिमेला वळते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी सागरात शिरते. शिवकालीन भीमगडाभोवतीचे रान 2011 साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. गोव्याच्या बाजूचे म्हादई अभयारण्य त्याच्याही आधीचे, 1999 सालचे. गवे, अस्वले, शेकरू, धनेश यांचे हे माहेरघर होय.

पहिल्या रात्री शेजारच्या खोलीत शहरातून आलेली एक मंडळी होती. त्यांनी अंगणात मोठ्याने गाणी लावली, मोटारीचे दिवे रानाकडे वळवून ठेवले आणि मध्यरात्रीपर्यंत गोंगाट केला. सकाळी हेच गृहस्थ भाकरी मोडता मोडता तक्रार करू लागले, "इतक्या लांब आलो, पण एक जनावर म्हणून दृष्टीस पडले नाही!" घरच्या आजोबांनी चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही आलाय हे त्यांना रातीच कळलं की, साहेब!"

आम्हाला हसू आले. पण त्या हसण्याबरोबर थोडी लाजही वाटली. कारण कधी ना कधी आपणही असेच वागलेलो असतो.

दुसऱ्या रात्री ती मंडळी निघून गेली होती. आजोबांनी अंगणातला दिवा मालवला. थोड्याच वेळात समोरच्या झाडावर काजवे चमकू लागले. काजव्याचा नर प्रकाशाची उघडझाप करून मादीला साद घालीत असतो. आपल्या झगझगीत दिव्यांपुढे ती साद हरवून जाते. आपल्याला जी केवळ शोभा वाटते, तो त्या जिवांच्या वंशाचा प्रश्न असतो. धनेशाचेही तसेच. मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते आणि कित्येक आठवडे आत राहते. लहानशा फटीतून नर तिला व पिल्लाला फळे भरवितो. छायाचित्राच्या मोहाने कोणी त्या झाडाखाली ठाण मांडले आणि नर बुजला, तर आतल्या जिवांची उपासमार होते. तळेवाडीजवळील बारापेडे गुहांत 1912 साली एक दुर्मिळ जातीचे वटवाघूळ प्रथम सापडले. अशा गुहांत मशाली आणि आरोळ्या घेऊन शिरणे यात कसला पराक्रम आहे?

यावर कोणी म्हणेल, "आम्ही पैसे मोजले आहेत, मग आमच्या मर्जीप्रमाणे का राहू नये?" परंतु आपण पैसे मोजतो ते खोलीचे आणि न्याहारीचे. रानातल्या अंधाराची आणि शांततेची किंमत कोणीही घेतलेली नसते, कारण ती यजमानाच्याही मालकीची नाही. तोही त्या रानाचा शेजारीच आहे.

मग डोंगरात जाऊच नये काय? माझे मत याच्या उलट आहे. अवश्य जावे. गवे भातात शिरले तर नुकसान त्या शेतकऱ्याचे होते. रान राखल्याचे समाधान मात्र आपण शहरात बसून भोगतो. पाहुण्यांमुळे त्याच्या घरात चार पैसे आले, तर रान टिकण्यात त्याचाही लाभ राहतो. आम्ही उतरलो त्या घरचा मुलगा नोकरीसाठी गोव्यात होता. आता तो परत येऊन आईवडिलांच्या हाताखाली हे काम पाहतो. हा लाभ मोठ्या भांडवलाच्या आलिशान विश्रामगृहांतून गावकऱ्यांच्या पदरी कितपत पडेल, याची मला शंका आहे. म्हणून उतरावे ते गावकऱ्याच्या घरी, आणि राहावे ते त्या घरच्या रीतीने.

ती रीत अवघड नाही. पानात पडेल ते आनंदाने खावे, पाणी जपून वापरावे, आणलेला कचरा परत न्यावा, रात्री दिवा मालवावा आणि बोलण्यापेक्षा ऐकावे अधिक. निघताना आजोबांनी आमच्या पिशवीत दोन मुठी कोकम घातले आणि पैसे घेण्यास नकार दिला. यजमानाने आपला धर्म अखेरपर्यंत पाळला. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सुट्टीत तुम्ही असल्या डोंगरातल्या घरी जाल, तेव्हा आपल्याकडून पाहुण्याचा धर्म पाळला जातो की नाही, हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.