अंबरनाथचा उघडा लेख, ट्रॉम्बेचे बंद दप्तर

१/ अंबरनाथचे शिवमंदिर आणि भारताची अण्वस्त्रे यांचा संबंध काय, असा प्रश्न इतिहासप्रेमींना पडणे स्वाभाविक आहे. संबंध अंतराचा आहे, वाऱ्याचा आहे. आणि सत्ता आपल्या प्रजेला काय सांगते व काय दडवते, याचाही आहे. हा धागा त्याविषयी.

२/ वालधुनीच्या काठी उभे असलेले हे मंदिर शिलाहारांचे. उत्तर दारावरील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ देतो आणि मम्वाणी राजाचे नाव सांगतो. त्याला सर्रास लावले जाणारे 'हेमाडपंती' हे विशेषण चुकीचे आहे. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला. मंदिराची शैली भूमिज.

३/ या लेखाच्या वाचनाचीही एक कथा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखवले. दोनशे वर्षांची चूक दुरुस्त झाली, कारण दगड सर्वांसमोर होता. एका विद्वानाचे वाचन दुसऱ्याला तपासता आले.

४/ आता ट्रॉम्बे. मंदिरापासून हवाई अंतर सुमारे ३५ किलोमीटर. १९५६ मध्ये येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली 'सायरस'. कॅनडाने ती शांततामय उपयोगासाठी दिली होती. १८ मे १९७४ रोजी पोखरणला झालेल्या स्फोटातील प्लुटोनियम याच सायरसमधले.

५/ १९८५ मध्ये तेथेच 'ध्रुव' ही अधिक मोठी अणुभट्टी आली. भारताच्या अण्वस्त्रांचा इतिहास वाळवंटात सुरू होतो, ही समजूत अपुरी आहे. वाळवंटात स्फोट झाला. त्याचे द्रव्य मुंबईच्या खाडीकाठी तयार झाले.

६/ नकाशावर अंबरनाथ ट्रॉम्बेच्या ईशान्येला आहे. जून ते सप्टेंबर कोकणात वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून वाहतो. पावसाळ्यात ट्रॉम्बेला काही अघटित घडले, तर वाऱ्याची वाट उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर याच दिशेची आहे. हे समजण्यास कोणतेही गोपनीय दप्तर उघडावे लागत नाही.

७/ आणि तेथे राहते कोण? उल्हासनगर वसले ते फाळणीच्या निर्वासितांनी. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी कुटुंबांनी संसार मांडले. ज्या फाळणीने त्यांना येथे आणले, तिच्यातूनच जन्मलेल्या दोन राष्ट्रांनी मे १९९८ मध्ये एकमेकांसमोर अणुचाचण्या केल्या.

८/ ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत व पाकिस्तान यांनी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. युद्धज्वर चढलेल्या वर्षांतही हा रिवाज मोडला नाही. करार निःसंशय शहाणपणाचा आहे.

९/ परंतु ती यादी प्रसिद्ध होत नाही. ज्या कागदाची प्रत इस्लामाबादला पोहोचते, तो अंबरनाथच्या रहिवाशाला पाहता येत नाही. ही गोपनीयता मग नेमकी कोणापासून? प्रतिस्पर्धी राष्ट्रापासून तर नव्हेच.

१०/ १९९५ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाने देशातील अणुकेंद्रांच्या सुरक्षेविषयी अहवाल तयार केला. त्यात सुमारे १३० प्रश्न नोंदवले होते. तो उघड व्हावा म्हणून पीयूसीएल आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ न्यायालयात गेले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम १८ पुढे आले. उच्च न्यायालयाने नकार दिला आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही.

११/ दरम्यान २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे सोपवण्यात आल्या. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी यावर जाहीर टीका केली. परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, अशी ही व्यवस्था.

१२/ यावर नेहमीचा आक्षेप: देशाच्या सुरक्षेची गुपिते चव्हाट्यावर मांडायची काय? मुळीच नाही. अस्त्राची रचना, साठा, तैनातीची ठिकाणे गुप्त असावीत, हे मान्यच. पण अपघात झाला तर घराबाहेर पडावे की दारे-खिडक्या लावून आत थांबावे, आयोडीनच्या गोळ्या कोठे मिळतील, या उत्तरांचा शत्रूला काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो नागरिकाला.

१३/ दुसरा आक्षेप: भारताचे धोरण 'प्रथम वापर नाही' असे आहे, मग भय कसले? ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेले ते धोरण संयमाचे आहे. पण ते भारताच्या हाताला बांध घालते, समोरच्याच्या हाताला नाही. आणि अपघाताला तर कोणतेच धोरण बांधत नाही. मुंबईवर हिरोशिमाएवढा बॉम्ब पडल्यास मृत्यू लाखांत जातील, हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ मध्ये स्वतंत्रपणे मांडला.

१४/ ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. तालीम आवश्यकच होती. मात्र किरणोत्सर्गाचे संकट दिवे मालवून टळत नाही. त्याची तयारी आधी छापलेल्या, मराठी व सिंधीत घरोघर पोहोचलेल्या सूचनांनी होते.

१५/ म्हणून मागण्या तीनच. ठाणे जिल्ह्यासाठी किरणोत्सर्गी आपत्तीचा आराखडा लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा. ट्रॉम्बेच्या सुरक्षेची तपासणी केंद्राबाहेरच्या, स्वतंत्र नियामकाकडे असावी. आणि १९९५ च्या अहवालातील जो भाग आज केवळ इतिहास आहे, तो अभ्यासकांना खुला व्हावा.

१६/ प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे. शिवमंदिराला अजून हजार वर्षेही पूर्ण झालेली नाहीत. त्या अवघ्या काळात शिलाहार गेले, यादव गेले, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आले आणि गेले. इतके टिकणारे द्रव्य सांभाळण्याची जबाबदारी ज्या राज्यसंस्थेने घेतली, तिने निदान शेजाऱ्यांना वाचता येईल असा एक लेख दारावर लावावा. चूक असेल तर कोणी भगवानलाल ती दुरुस्त करील.